म्हात्रेकाका आणि मागचा फूटरेस्ट

आमच्या बी विंगमध्ये सकाळी दहा वाजले की म्हात्रेकाका गॅलरीत खुर्ची टाकतात, मोबाईल स्पीकरवर ठेवतात आणि मोटारसायकलच्या कंपनीला फोन लावतात. आधी ती मंजूळ बाई बोलते, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ मग टिंग टिंग टिडिंग अशी एक ट्यून सुरू होते. ही ट्यून काका एकटे ऐकत नाहीत, अख्खी विंग ऐकते. तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं पोर तर आता त्या ट्यूनशिवाय झोपतच नाही. रविवारी कस्टमर केअर बंद असतं, त्या दिवशी ते रडून बिल्डिंग डोक्यावर घेतं.

मी काकांच्या खालीच, तळमजल्यावर राहते आणि ब्लाऊज शिवते. माझं मशीनसुद्धा त्या तालावर चालायला लागलंय. परवा एका नवरीच्या ब्लाऊजला हुक लावताना मी ती ट्यून गुणगुणत होते, तर नवरीची आई म्हणाली, "ताई, किती गोड गाणं आहे, कुठल्या सिनेमातलं?" काय सांगणार, कपाळ माझं!

ट्यून संपली की कुणीतरी पोरगी फोनवर येते, आणि खरी करमणूक तिथून पुढे.

"नमस्कार सर, मी प्रणाली बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

"नमस्कार बाळा. नाश्ता झाला का?"

त्या बिचारीला जे काय पढवलेलं असतं त्यात या प्रश्नाचं उत्तर नसतं.

"हो सर. आपली तक्रार..."

"तक्रार कुठं पळून जातेय? काय खाल्लंस ते सांग."

"बिस्कीट, सर."

"बिस्कीट हा काय नाश्ता झाला? तुझ्या कंपनीला सांग, पोरींना पोटभर खायला घाला. उपाशी माणूस दुसऱ्याचं गाऱ्हाणं काय ऐकणार?"

अशी सगळी खुशाली विचारून झाली की काका घसा खाकरतात आणि एकच मागणं मागतात. माझ्या गाडीचा मागचा फूटरेस्ट तुटला. तो पार्ट मुळातच खराब होता, एवढं कंपनीनं कबूल करावं. बस्स. नवा पार्ट नको, भरपाई नको, साहेबाची माफी नको. फक्त म्हणा, ‘पार्टात खोट होती.’

आणि नेमकं तेवढंच सोडून कंपनी सगळं म्हणते. ‘आपल्या असुविधेबद्दल खेद आहे’ म्हणते. ‘आपली तक्रार पुढे पाठवली आहे’ म्हणते. ‘आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात’ म्हणते. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता काका पुन्हा खुर्ची टाकतात.

आता हे काका आहेत कोण, ते सांगते. म्हात्रे मूळचे इथलेच. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती, पुढे शेती, आणि पुढे त्या शेतीवर ह्या आमच्या बिल्डिंगी. काका मात्र आयुष्यभर भाईंदरच्याच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते, चेकिंगला. पातेलं हातात घ्यायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, टण्ण आवाज आला तर पुढे, थड्ड आला तर बाजूला. कारखाना सुटला, सवय सुटली नाही. लग्नात जेवायला बसले की आधी ताट वाजवून बघतात. सोसायटीनं गच्चीवर नवी टाकी बसवली तर सगळे नारळ फोडायच्या घाईत, आणि काका टाकीला कान लावून ठकठक. माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा भेटायला आले आणि जाता जाता हॉस्पिटलचा पलंग वाजवून गेले. "मालात खोट हाय," असं एकदा म्हणाले की देव आला तरी मत बदलायचे नाहीत. आम्ही वैतागतो, पण खरं सांगायचं तर सगळ्यांच्या घरातले कुकर त्यांनीच वाजवून घेतलेले आहेत.

रिटायर झाल्यावर काकांनी ही मोटारसायकल घेतली. शोरूममध्ये टाकी वाजवली, मडगार्ड वाजवलं, सेल्समनला घाम फुटला. काकू सोबत होत्या. सुमनकाकू म्हणजे चांगल्या ऐसपैस, गोऱ्यापान, नाकात चमकी, हसल्या की पदर तोंडाला लावून पोटभर हसणार. माहेर उत्तनजवळच्या डोंगरीचं. दर रविवारी काका गाडीला किक मारायचे, काकू एका बाजूला दोन्ही पाय सोडून मागे बसायच्या, मांडीवर पिशवी, आणि ही दोघं उत्तनच्या रस्त्याला लागायची. संध्याकाळी परत यायची ती सुकट, सोडे, नारळ घेऊन. माझ्या दाराशी गाडी थांबली की काकू उतरायच्या आधीच ओरडायच्या, "संध्या, टोप दे गो, तुझ्यासाठी जवला आनलाय." सुकटीच्या वासावरून शहाभाई, म्हणजे आमचे सेक्रेटरी, दर रविवारी खिडक्या लावून घेत. ते शुद्ध शाकाहारी. पण तक्रार केली नाही हो कधी, माणूस सज्जन.

आणि मग तो फूटरेस्ट तुटला. स्टेशनजवळच्या भाजीबाजारात. काकूंनी चढायला पाय ठेवला आणि ती पट्टीच कटकन मोडली. काकू रस्त्यावर, पिशवीतली वांगी रस्त्यावर. हाताला प्लास्टर आलं, ते यथावकाश निघालंही. पण गाडी तेव्हापासून पार्किंगमध्ये निळी ताडपत्री पांघरून उभी राहिली. काका सर्व्हिस सेंटरला गेले तर त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, पार्ट ठीक असतो, वापरणाऱ्याची चूक असणार. झालं. त्या दिवसापासून काकांचं आणि कंपनीचं युद्ध सुरू.

कंपनीनं तह करायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. एकदा टी-शर्ट पाठवला. काकांनी त्यानं पंखा पुसला. एकदा किल्लीची साखळी पाठवली. एकदा फुकट ऑइल बदलून देतो म्हणाले. "ऑइल चांगलंच हाय गाडीत. मी काय ऑइलचं बोललो?" एकदा फोन आला की आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते दहामध्ये सांगा. काका म्हणाले, "पोरी, तू दहा. तुझी कंपनी शून्य. आता दोन्ही कसं लिहिशील ते तू बघ."

तुटलेला तुकडा ते कापडी पिशवीत घालून ठेवतात. भेटेल त्याला काढून दाखवतात, वाजवतात. "ऐक. थड्ड. ऐकलंस? मेलेलं लोखंड." मला त्यात काही ऐकू येत नाही. मी आपली हो म्हणते, कारण नाही म्हटलं की पुन्हा वाजवतात.

शेवटी शहाभाईंना राहवलं नाही. चांगलं करायला गेले बिचारे आणि स्वतःवर ओढवून घेतलं. काका मासळीबाजारात गेलेले बघून त्यांनी एक मेकॅनिक बोलावला, बाजारातला नवा फूटरेस्ट आणवला, ताडपत्री उचलली आणि बसवून टाकला. काका आले. ताडपत्री जरा वेगळी बांधलेली दिसली म्हणून उचलून बघितलं आणि पिशवीतल्या बांगड्यांसकट तिथेच मटकन खाली बसले.

"कोनी केलं हे?"

शहाभाई हसत पुढे आले. "काका, सरप्राइज! हवे तमे चालू करो गाडी, आता बिनधास्त फिरा."

"जुना तुकडा कुठाय? गाडीला राहिलेला?"

"वो तो कचरे में..."

काका उठले ते थेट सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याकडे. नारळाच्या करवंट्या, लहान मुलांचे डायपर, सगळं उपसलं, आणि तो दोन बोटांएवढा तुकडा काढून सोन्यासारखा जपून खिशात घातला. शहाभाई नाकाला रुमाल लावून बाजूला उभे, रडवेले. "पण काका, तुम्हाला पार्ट पाहिजे होता ना?"

"मना पार्ट नकोय!" काका एवढ्या जोरात ओरडले की वॉचमन उठून उभा राहिला. "पार्ट काय, बाजारात ढिगानं हायेत! त्यांनी हो म्हनायला पायजे!" आणि पाना आणून त्यांनी तो नवा कोरा फूटरेस्ट काढला आणि शहाभाईंच्या हातात दिला.

मी खिडकीतून बघत होते. मनात म्हटलं, काय म्हणावं ह्या माणसाला! सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. म्हातारपणी एकेकाला काहीतरी चाळा लागतो, कुणी जप करतं, कुणी कंपनीला फोन करतं. असं समजून मी सोडून दिलं.

मग आलं हळदीचं. काकूंच्या भाच्याचं लग्न ठरलं, डोंगरीला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आणि काकू नवऱ्या मुलाची सख्खी आत्या. आत्याशिवाय हळद लागायची नाही. काकूंनी पिवळीधमक साडी पाठवली, ब्लाऊजपीस पाठवला आणि मापाला जुना ब्लाऊज पाठवला. आता मी कुणाच्याही जुन्या मापावर नवा ब्लाऊज बेतत नाही. माझा नियम आहे, गिऱ्हाईक आजारी असो की मंत्री असो. गळ्यात टेप घातली आणि गेले वर.

काकूंना उभं केलं, टेप फिरवली आणि मी चाट पडले. टेप पुन्हा फिरवली. वाटलं टेपच चुकतेय. अंगातला ब्लाऊज दोन्ही बाजूंनी झोळीसारखा लोंबत होता. पदर घट्ट ओढून काकूंनी तो इतके दिवस लपवला होता, आणि मी, जी रस्त्यानं जाणाऱ्या बाईचं माप नजरेनं सांगते, तिला ते दिसलं नव्हतं.

"काकू, बरं नाही का तुम्हाला? डॉक्टरकडे चला आधी."

"मना काय झालंय? बरी हाय मी."

"मग हे काय? जेवताय ना नीट?"

काकूंनी पदर पुन्हा घट्ट ओढला. मी स्वयंपाकघरात गेले आणि सरळ झाकणं उघडली. चिरलेली काकडी. एका भांड्यात कोमट पाणी, त्यात लिंबू. भाताचा टोप धुऊन पालथा घातलेला, तो कधीचा. म्हात्र्यांच्या घरात भात नाही! माझं डोकंच फिरलं.

"काकू, हे काय थेर चालवलेत?"

काकू पलंगावर बसल्या आणि बोलायला लागल्या, ते खाली बघूनच. "माझ्या वजनानं गारीचं लोखंड मोरलं, बाई. अख्खा बाजार हसला. एक भाजीवाली दुसरीला बोल्ली, आता ट्रक घ्या म्हनावं. मंग ह्यांच्याबरोबर त्या सेंटरला गेले, तर तो टाय लावलेला पोरगा सगल्यांसमोर मनाच इचारतो, मॅडमचं वजन किती. मी काय सांगू? सगली मान्सं वलून बघाया लागली. तवापास्नं मी खाली उतरले न्हाय. हलदीलाबी न्हाय जानार, ह्यांनी इचारू नये म्हनून नुसता ब्लाऊज पाठवला. साडी भावजयीला देऊन टाकीन. आत्या मांडवात उभी रायली नि पाटच मोरला तर?"

म्हणाल्या आणि हसायला गेल्या. ते हसणं काही जमलं नाही. मी शिवणकाम करणारी बाई, मला चिडता येतं, समजूत काढता येत नाही. तशीच तणतणत गॅलरीत गेले. काका हातात फोन घेऊन बसले होते.

"काका, घरातली बाई उपाशी मरतेय आणि तुम्ही त्या कंपनीतल्या पोरींना नाश्ता विचारताय?"

काकांनी फोन बाजूला ठेवला. दार लोटून घेतलं. "रोज सांगतो मी तिला. पार्ट खराब व्हता, तुझं काय न्हाय त्यात. तुकडा वाजवून दाखवतो. ती बोलते, तुम्ही घरचे, तुम्ही तसंच बोलनार. कंपनीनं सांगितलं तर मानीन." मग फोनकडे बोट केलं. "म्हनून मी कंपनीला सांगाया सांगतोय. दुसरं काय करू, संध्या? तिनं भात सोडला तसा मीबी सोडलाय. पन त्यानं काय व्हतंय?"

एवढ्या दिवसांची ती ट्यून आठवून मला भडभडून आलं. माणूस रोज सकाळी दहा वाजता बायकोसाठी एक वाक्य मागत होता, आणि आम्ही खिडक्या लावून घेत होतो. मी म्हटलं, "लावा फोन. आज मी बोलते." आणि बोलले. जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पलीकडे प्रणालीच होती, जळगावकडची. तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "ताई, काकू खरंच जेवत नाहीत?"

त्यानंतर चारसहा दिवसांनी भलत्याच वेळी काकांचा फोन वाजला. दुपारची वेळ, मी मशीनवर. नेहमीसारखा स्पीकर चालू, म्हणून मी मशीन थांबवलं आणि खिडकीशी गेले.

"काका, मी प्रणाली. जेवलात का?"

"काकडी खाल्ली. बोल बाळा."

"काका, उद्या गाडी मीरा रोडच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. तुमच्या मॉडेलचे मागचे फूटरेस्ट बदलून देतायत. तुमच्याच नाही, सगळ्यांचे."

"सगल्यांचे? का बदलतायत?"

"काका, हा कॉल रेकॉर्ड होतोय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, काकूंना सोबत घेऊन जा. तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतेय?"

"समजलं गो माझे बाय," काका म्हणाले. आवाज असा झाला होता की मला माझ्या खिडकीतून आत यावं लागलं.

आता प्रश्न, काकूंना न्यायचं कसं? काका म्हणाले, खरं सांगू. मी म्हटलं, मुळीच नाही, खरं सांगितलंत तर दाराला कडी लावून बसतील. मी वर गेले आणि म्हटलं, "काकू, ब्लाऊजला लेस लावायची, मीरा रोडला चला. साडी भावजयीला द्यायची असली तरी लेस लागणारच. रंग मी निवडला आणि तिला नाही आवडला तर माझ्या नावानं शंख करू नका." काकू नाही नाही म्हणत शेवटी उठल्या. डोक्यावरून पदर घेतला, जिना भिंतीला धरून उतरल्या. रिक्षात अशा अंग चोरून बसल्या की मला पलीकडे अर्धी रिक्षा मोकळी. वाटेत हळूच विचारलं, "संध्या, मी बसल्यावर रिक्षा एका बाजूला कलली का गो?"

"रस्ता वाकडा आहे काकू," मी म्हटलं, आणि बाहेर बघत बसले.

काका गाडी घेऊन पुढे गेलेच होते. सर्व्हिस सेंटरच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा काकूंनी पाटी बघितली आणि माझा दंड असा धरला की अजून दुखतो. "ही लेस हाय?" मी म्हटलं, "आत फॅन आहे, बसा दोन मिनिटं, मग मला शिव्या द्या." आणि हाताला धरून आत नेलं. बसायला प्लास्टिकची खुर्ची होती. काकू बसायला तयार नाहीत. कोपऱ्यात उभ्याच राहिल्या.

समोर तोच तो टाय लावलेला पोरगा. काकांकडे बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं आता तुकडा वाजणार. पण काकांनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही, आणि आमच्या पुढे एक मुलगी त्याच्याशी वाद घालत होती. जवळच्याच नया नगरची, कॉलेजात जाणारी, डोक्याला स्कार्फ, आणि अंगानं इतकी बारीक की मला तिच्या मापाचा ब्लाऊज लहान मुलींच्या कापडात बसवता आला असता.

"भैया, पहले क्यों नहीं बदला? मैं भाई के पीछे बैठने गई और फटाक से टूट गया। घुटना छिल गया मेरा। और आपने बोला मैं कूदके चढ़ी थी!"

काकूंचा हात माझ्या दंडावरून सुटला. त्या दोन पावलं पुढे गेल्या. त्या मुलीला वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं.

"तेरा भी टूटा?"

"हाँ आंटी."

"मागेवाला? पाय ठेवते वो?"

"वही तो!"

"ए बाय," काकू म्हणाल्या, "तेरे अंग में तो हाय क्या! तेरे वजन से तो मच्छर नहीं मरेगा!"

ती मुलगी हसायला लागली. काकूंना आधी कळेना, मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्याही हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रांगेतला एक रिक्षावाला भाऊ म्हणाला, माझ्या मेव्हण्याचापण तुटला. तो टायवाला पोरगा काचेच्या केबिनकडे बघत होता. आत साहेब फोनवर होता. पोरगा टेबलावरून जरा पुढे वाकला.

"काकू, सॉरी हां. तुमचं काही नव्हतं त्यात. पार्टच कच्चा होता. आम्हाला तेव्हा तसंच बोलायला सांगितलेलं."

एवढे दिवस ज्याच्यासाठी आटापिटा केला ते वाक्य असं हळू आवाजात, पंख्याच्या घरघरीत येऊन पडलं. मी काकांकडे बघितलं. वाटलं आता हा माणूस टेबल वाजवणार, सगळ्यांना ओरडून सांगणार, ऐकलंत का म्हणणार. काका गाडीकडे बघत राहिले. नवा फूटरेस्ट बसवून झाला, कुणीतरी किल्ली हातात दिली, तरी काकांनी तो वाजवूनसुद्धा बघितला नाही.

आम्ही बाहेर आलो. काकांनी गाडी स्टँडवरून उतरवली, बसले, दोन्ही पाय जमिनीत रोवले. काकू जवळ गेल्या. नव्या फूटरेस्टकडे बघितलं. पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. चहाच्या टपरीवरचे दोघंतिघं बघत होते.

"सुमे," काका पुढेच बघत म्हणाले, "त्या दिवशी बाजारात तू पडलीस. तुला उचलायच्या आधी पयला मीच बोललो, जरा कमी खा म्हनून. मान्सं मागनं हसली. पयला मीच."

मला हे माहीत नव्हतं. काकूंनी मला भाजीवाली सांगितली, टायवाला सांगितला, हे सांगितलं नव्हतं.

"तो पोरगा आत बोलला सॉरी," काका म्हणाले. "मी अजून बोललो न्हाय." "चुकलो गो मी."

काकूंनी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला, पाय फूटरेस्टवर टाकला आणि सगळं वजन देऊन वर चढल्या. बसून दोनदा हलून बघितलं.

"गारी नीट धरा," त्या म्हणाल्या. "आनि आता घरी जाऊन मी भात टाकनार हाय. दोघांचा."